काका, तिथे नको!

अमेरिकेत घर घेतलंत, अभिनंदन. आता ती खुर्ची घ्या. कोणती, असं विचारू नका. विचारणाऱ्याकडे ती शोभत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवराबायकोने 1956 साली बाजारात आणलेली. वाकवलेल्या प्लायवूडचे तीन तुकडे, वर काळं कातडं, समोर पाय ठेवायला तिचंच पिल्लू. काही हजार डॉलर जातील. मुलांच्या कॉलेजचं नंतर बघता येतं.

कुणी 'एम्स' म्हणालं तर ते दिल्लीचं हॉस्पिटल, हे गालात हसून सांगावं.

दुसऱ्याच्या घरी दिसली की आधी पाय मोजा. खुर्चीला पाच, पिल्लाला चार. खुर्चीलाही चारच निघाले तर नक्कल. मग "छान आहे हो" एवढंच म्हणायचं, पण सुरात.

आणि मुख्य पथ्य: तिच्यावर कुणाला बसू द्यायचं नाही. गेल्या शनिवारी न्यू जर्सीत एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. बाबा सांगलीहून आलेले, वय 78, गुडघे कामातून गेलेले, त्यात दीड तास गाडीत. आत आले आणि समोर दिसली त्या खुर्चीत टेकले. यजमान किचनमधून धावत आले. "काका, काका, तिथे नको! पट्ट्याचं बकल लागतं." बाबा ओशाळून उठायला गेले. ती खुर्ची मुळातच मागे कललेली, तिच्यातून झटकन उठणं माझ्यासारख्यालाही जमत नाही. दोनदा उठायला गेले, दोनदा मागे पडले. शेवटी मी हात दिला. मग त्यांना गराजमधली घडीची खुर्ची मिळाली. तिच्या कडेवर बसून, प्लेट मांडीवर घेऊन, बाबा पुलाव जेवले. इकडे रिकाम्या खुर्चीभोवती जमलेल्या मंडळींना यजमान तिचा इतिहास सांगत होते.

इतिहास सांगताय ना, मग पुरता सांगा. ही खुर्ची कशी दिसावी असं चार्ल्स ईम्सच्या मनात होतं? बेसबॉलवाल्याच्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या हातमोज्यासारखी. वापरून! पुढे 1958 मध्ये याच जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल लिहून दिला, त्यातून अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सर्वांत सुंदर म्हणून कुणाला गौरवलं? लोट्याला. आपल्या तांब्याला! तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना तोल कसा सांभाळतो, ओतायला कसा पडतो, याचा विचार केला त्या माणसांनी. माणूस वस्तू कशी वापरतो, याचा. आणि तुम्ही बापाच्या वयाच्या माणसाला तिच्यातून उठवता? बकल लागतं म्हणे! लागू दे की. चरा पडेल, पडू दे. कातडं आहे ते, देव्हारा नव्हे. लाज कशी वाटली नाही रे तुला?

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खुर्ची चांगली होती हो त्यांची. पाठीला जरा बरं वाटलं."