‘गाडी हलली की टीव्ही बंद’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. यांनी आमच्या कोल्हापुरातल्या शिरोली नाक्याजवळच्या दुकानातून बारा चाकी गाडीच्या केबिनमध्ये २४ इंची टीव्ही, फ्री डिशचा (म्हणजे दूरदर्शनच्या बिनरिचार्जच्या सेवेचा) सेटटॉप आणि छतावरची डिशची छत्री बसवून घेतली. यांचं म्हणणं असं, की गाडी हलली की चित्र जातं, वापीला बॅटरी उतरली, आयपीएल दिसत नाही, टीव्ही डॅशबोर्डवर लावायला सांगितला तरी आम्ही लावला नाही. वर, दुसरीकडे साध्या एरियलवर काम होतं म्हणे. म्हणून सगळे पैसे परत हवेत.

चालत्या गाडीचं आधी बोलू. बिलावर ‘फक्त उभ्या गाडीसाठी’ असं लिहिलंय, आणि छत्री दुमडायची कशी हे दाखवताना तुमचा क्लीनरही वर चढला होता. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, साधारण ६० अंश वर येतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा नेम दोन-तीन अंश चुकला की सिग्नल गेलाच. शिरोलीच्या पुलावरून सर्व्हिस रोडला उतरतानाच गाडी किती अंश फिरते ते तुम्हीच बघा, खंबाटकीची वळणं तर लांबच राहिली. आपोआप उपग्रहाकडे तोंड वळवणारी अँटेना मिळते, बोटींवर असते. तिची किंमत सांगितली की गिऱ्हाईक टीव्हीचा विषय सोडून टायरचा विषय काढतं.

आणि मुक्काम बदलला की नेमही बदलतो. वापीला हाच उपग्रह कोल्हापूरपेक्षा तीन-चार अंश खाली येतो, दिल्लीला आठएक अंश खाली येऊन शिवाय दक्षिणेकडं बराच सरकतो. त्यासाठीच छत्रीच्या मागं आम्ही रंगानं खुणा करून दिल्यात. खुणेवर आणायचं, सेटटॉपमधला सिग्नल क्वालिटीचा पट्टा बघत हळूहळू हलवायचं, मग नट आवळायचा. झाडाखाली, पेट्रोल पंपाच्या छपराखाली किंवा उंच कंटेनरला खेटून गाडी लावली तर कुणाचीच छत्री चालणार नाही. गगनबावड्याकडं पाऊस झोडपत असला तरी तेच. मोठ्या पावसात हा सिग्नल विरतो, घरचाही विरतो.

साध्या एरियलवर कोल्हापुरात काय दिसणार? दूरदर्शनचे जुने टॉवर थोडे अपवाद सोडून २०२२ पर्यंत बंद झाले. एरियलवर येणारं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, कोल्हापूर नव्हतं. आम्हीही एरियल विकू शकतो हो, स्वस्त पडतं. पण मुंग्या बघायला कुणी पैसे देतं का?

आयपीएलचं आमच्या हातात नाही. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनलला दूरदर्शनला द्यावं लागतं. म्हणून भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी फ्री डिशवर दिसतात. आयपीएल त्यात बसत नाही. ते बघायचं तर महिन्याचं रिचार्जवालं कनेक्शन घ्यावं लागेल, आणि तुम्हाला नेमकं तेच नको होतं.

डॅशबोर्डवर मात्र आम्ही लावत नाही, कितीही स्टार कापा. गाडी चालवताना ड्रायव्हरनं व्हिडिओ बघू नये असं २०१७ च्या नियमांत आहे, फक्त रस्त्याचा नकाशा चालतो. आमचा टीव्ही झोपायच्या बर्थकडं तोंड करूनच बसतो.

आता बॅटरी. यात तुमचं खरं नुकसान झालंय, त्यामुळं नीट सांगतो. तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून २४ व्होल्ट होतात. टीव्ही १२ व्होल्टचा. म्हणून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आम्ही दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून, फ्यूजमधून जोडला होता. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत तो कन्व्हर्टर मोकळा लोंबतोय, आणि टीव्हीची लाल वायर दोन बॅटऱ्यांमधल्या जोडपट्टीवर आवळलीय. म्हणजे टीव्ही एकाच बॅटरीवर चालत होता. अल्टरनेटरला हे कळत नाही, तो दोन्हींना एकच समजून चार्ज करतो. मग जिच्यावर टीव्ही आहे ती कायम अर्धी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. तुम्हीच लिहिलंय, ‘एक डेड, दुसरीतलं पाणी आटलं’. टीव्ही आणि सेटटॉप मिळून साधारण ४० वॅट, २४ व्होल्टवर दोन अँपिअरसुद्धा नाहीत. जेवणानंतर तीन-चार तास टीव्ही बघून चांगल्या बॅटऱ्या सेल्फ मारायच्या राहत नाहीत.

ही वायर वाटेत कुणी बदलली मला माहीत नाही, त्या वायरमनला मी शिव्याही देणार नाही. रात्री ढाब्यावर ‘टीव्ही चालू करून दे’ म्हटलं की हाताशी असेल ते माणूस करतो. पण तिसऱ्या फोटोत छत्रीची केबल बिजागरीपाशी ताणून तुटलेली दिसतेय. इंजिनच्या कामासाठी केबिन पुढं उचलली जाते तेव्हा केबल सैल लागते, म्हणून आम्ही तिथं मोठा वेटोळा सोडतो. तुमच्या गाडीत तो वेटोळा टायनं गच्च बांधून टाकलाय. गॅरेजमध्ये केबिन उचलली असणार आणि केबल गेली असणार. उभ्या गाडीतही ‘नो सिग्नल’ येतं असं जे लिहिलंय ते बहुतेक यामुळं. कन्व्हर्टरही त्याच गडबडीत सुटला असावा.

तर पैसे परत मिळणार नाहीत, कारण माल बिलावर लिहिलाय तसाच आहे. मात्र केबल नवी टाकून देतो, कन्व्हर्टर पुन्हा दोन्ही बॅटऱ्यांवर जोडून देतो, मजुरी घेणार नाही. बॅटऱ्यांचं भरून देणं आमच्याकडं नाही. जी अजून जिवंत आहे तिच्यात नवी जोडू नका, जोडी एकाच वयाची लागते, नाहीतर नवीही लवकर जाईल.

छत्री चालत्या गाडीत उभी ठेवता का, तेही येताना सांगा. फोटोत दांडा वाकलेला वाटतोय. मंगळवार सोडून कधीही या, गाडी रिकामी असताना आणि केबिनमधलं सामान काढून, कारण केबिन उचलल्याशिवाय केबल टाकता येणार नाही.