'नळी नको, फक्त मास्क' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये ओटीच्या दाराशी एका आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. सात महिन्यांचं बाळ, वजन सव्वासात किलो, हर्नियाचं ऑपरेशन. "मॅडम, नळी घालणार की मास्क लावणार? मी फॉर्मवर 'फक्त मास्क' लिहिलंय." मोबाईलवर तोच फॉरवर्ड, जो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून भावजयीच्या भिशीपर्यंत फिरून आलाय.

त्याचा मजकूर थोडक्यात असा: भूल देताना मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालतात, तिने आवाज कायमचा जातो. एलएमए नावाचा मास्क घशात नुसता टेकतो, तो पूर्ण सुरक्षित. फुग्याची नळी तर लहान मुलांना चालतच नाही. आय-जेल (तसाच एक मास्क) फुगवावंच लागत नाही, म्हणून ते सगळ्यात चांगलं. आणि नळी घालतात ती बिल वाढवायला.

मी भूलतज्ज्ञ आहे. दादर ते मुलुंड चार ठिकाणी केसेस करते आणि या सगळ्या वस्तू सॅकमध्ये घालूनच लोकल पकडते.

बिलाचं आधी उरकून टाकू. नळी, म्हणजे साधी पीव्हीसीची ट्यूब, ही माझ्या सॅकमधल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. आय-जेल तिच्या कित्येक पट महाग. बिलच फुगवायचं असतं तर मी ट्यूबला हातही लावला नसता.

आवाजाचं म्हणाल, तर ट्यूब स्वरतंतूंच्या मधून जाते हे खरं आहे. त्यामुळे एक-दोन दिवस घसा दुखतो, आवाज घोगरा होतो. (घसा मास्कनेही दुखतो, ते फॉरवर्डमध्ये नाही.) पण तासाभराच्या ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणं अत्यंत दुर्मीळ. आम्हाला धास्ती असते ती सुजेची. तान्ह्या बाळाची श्वासनलिका चार मिलिमीटरची धरा. आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की वाट उरते दोनची, आणि हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाच्या लक्षातही येणार नाही अशी सूज बाळाला धाप लावते.

या सुजेच्या भीतीपोटीच 'लहान मुलांना फुग्याची नळी नको' हा नियम आला. फॉरवर्डवाल्याने तो हवेतून काढलेला नाही, आम्हालाही कॉलेजात हेच शिकवलं होतं: आठ वर्षांखाली कफ (ट्यूबभोवतीचा फुगा) नाही. मुलांची श्वासनलिका स्वरयंत्राच्या खाली अरुंद असते, तिथे बिनकफाची ट्यूब आपसूक बसते, असा हिशेब. अडचण अशी की ती नेमकी बसायला अंदाज अचूक हवा. सैल पडली तर हवा गळते, घट्ट झाली तर घासते. मग काढा, दुसऱ्या मापाची घाला, आणि प्रत्येक खेपेला तीच नाजूक जागा पुन्हा खरवडा. २००९ साली युरोपातल्या अनेक हॉस्पिटलांनी पाच वर्षांपर्यंतच्या २,२४६ मुलांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. बिनकफाची ट्यूब ३०.८ टक्के मुलांत बदलावी लागली, कफवाली २.१ टक्के मुलांत. ऑपरेशननंतर श्वासाला घरघर येण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, ४.४ आणि ४.७ टक्के.

मात्र कफ मोजून फुगवायचा असतो. पाण्याच्या २० सेंटिमीटरपेक्षा जास्त दाब नको, आणि तो दाखवायला घड्याळासारखी तबकडी मिळते. कफाला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा चिमटीत दाबून 'ठीक वाटतंय' म्हणण्याची सवय आमच्यातल्या बऱ्याच जणांना आहे. मलाही होती. तबकडी लावली तेव्हा 'ठीक'चा काटा चाळिसाच्या पुढे गेला होता.

राहिला फॉरवर्डचा मुख्य मुद्दा: मास्क सुरक्षित. हा अर्धा खरा आहे, म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९८१ मध्ये एलएमएची कल्पना काढली. हा मास्क स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखा बसतो, आत शिरत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टरांनी एक वर्षाखालच्या बाळांवरचा अभ्यास छापला. श्वासाच्या तक्रारी ट्यूबवाल्या ५३ टक्के बाळांना झाल्या, मास्कवाल्या १८ टक्के. घसा किंवा श्वासनळ्या आवळण्याचे गंभीर प्रकार १९ विरुद्ध ४ टक्के. आकडे बोलके आहेत, आणि हर्नियाच्या बाळाला मीही मास्कच काढते.

पण ती बाळं उपाशीपोटी आलेली होती, ऑपरेशनं छोटी आणि आधी ठरलेली, हात मुलांच्या भुलेत मुरलेले. आता अपेंडिक्स सुजलेला, दिवसभर उलट्या करणारा मुलगा घ्या. किंवा वडापाव खाऊन खेळायला गेला आणि हात मोडून आला तो. मार बसला की पोट रिकामं होणंच मंदावतं, सहा तास थांबूनही वडापाव पोटातच असू शकतो. पोटातलं वर आलं तर झाकण ते अडवेलच असं नाही, आणि ते फुप्फुसात गेलं तर पुढचे दिवस आयसीयूत. इथे कफवाली ट्यूबच. शिवाय मास्कच्या खाली स्वरतंतू मोकळे असतात. भूल उथळ झाली की ते घट्ट मिटतात, मग मास्क कितीही छान बसलेला असो, हवा जात नाही.

आय-जेल मीही वापरते. कफ फुगवायची भानगड नाही, पटकन बसतं. पण लहान मापांत ते हळूच वर सरकतं, चिकटपट्टीने नीट बांधावं लागतं, मान वळवली की पुन्हा बघावं लागतं. सर्वांत छोट्या, एक नंबरच्या मापाला पोटातली हवा काढायची वाटही नाही.

त्या आईला म्हटलं, "मास्कनेच सुरुवात करणार, दीड नंबर. पण ट्यूब आणि ती घालताना घशात बघायचा लॅरिंगोस्कोप उशाशी ठेवणार. मास्क बसला नाही तर तुमचा 'फक्त' वाचत बसायला मला वेळ नसेल." ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग पेन मागितलं, तो शब्द खोडला, बाजूला सही केली.

मास्क पहिल्याच प्रयत्नात बसला. मॉनिटरवर बाळाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचे चौकोनी डोंगर एकामागोमाग एक सरकायला लागले. तीन नंबरची ट्यूब पाकिटातच राहिली.