रॅपिडमध्ये बोट मारावंच लागतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की पिस्तूल नेमबाजीत 'ट्रिगर सरळ मागे, न थांबता दाबा' हा माझा सल्ला प्रिसिजनपुरता, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्यापुरता ठीक. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळी सोडायच्या टप्प्यात, तीन सेकंदांत एवढे लाड कोण करणार, तिथे बोट मारावंच लागतं, म्हणजे ट्रिगर झटक्यात ओढावाच लागतो.

महिलांच्या 25 मीटर पिस्तुलाचंच घेऊ. सात सेकंद लाल दिवा, तीन सेकंद हिरवा, तेवढ्यात एक गोळी, आणि सुरुवात हात 45 अंशांत खाली ठेवून. तुमचा हिशेब असा दिसतो, की आधी हात वर येणार, मग साइट (नेम धरायचं पुढचं टोक आणि मागची खाच) जुळणार आणि त्यानंतर बोट कामाला लागणार. असं केलं तर बोटाच्या वाट्याला वेळ उरतच नाही, झटका बसणारच! बोट हाताबरोबरच निघालं पाहिजे. हात वर येता येता पहिली स्टेज, म्हणजे ट्रिगरचा सुरुवातीचा हलका प्रवास, घेऊन झालेली असावी, आणि फ्रंट साइट टार्गेटच्या काळ्या भागात शिरते तेव्हा बोट दुसऱ्या स्टेजवर, जिथून गोळी सुटेपर्यंतचा जोर लागतो तिथे, टेकलेलं असावं. ट्रिगर नियमानुसार किमान 1000 ग्रॅमचा असतो. त्यातला बराच भार वाटेतच घेतला, तर उरलेल्यासाठी मारामारी कशाला?

गोळी कधी सुटेल ते स्वतःलाही कळू नये, हे प्रिसिजनचं तत्त्व मात्र रॅपिडला लावू नका. इथे ते शूटरला ठाऊकच असतं. शिवाय रॅपिडचं दहाचं वर्तुळ 10 सेंटिमीटरचं, प्रिसिजनचं 5. म्हणजे साइट थोडी हलली तरी खपतं. ती थांबायची वाट बघत बोट अडलं, की दिवा जायच्या धास्तीने ट्रिगर हिसकला जातो आणि उजव्या हाताच्या शूटरची गोळी खाली डावीकडे, सात वाजण्याच्या दिशेला जाते. रेंजवर हे रोज दिसतं.

तुम्ही बोट मारण्याचा दाखला म्हणून सांगता ते व्हिडिओ आयपीएससीचे, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या पिस्तूल स्पर्धेचे. तिथे दोन्ही हातांची घट्ट पकड बोटाचा धक्का बराचसा गिळते. आपल्याकडे एकच हात, त्यामुळे ती सूट नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ती फायनल आठवा: 34-34 हिट अशी बरोबरी, पहिला शूट-ऑफही (बरोबरी फोडायची जादा फेरी) बरोबरीत, दुसऱ्यात निकाल. फायनलला हिट म्हणजे किमान 10.2 गुणांची गोळी, दहाच्या वर्तुळातही जरा आत लागलेली. बोट मारून एवढी लढत निभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पटत नसेल तर घरी करून बघा. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा. पॉइंट टू-टूचं (.22 कॅलिबरचं) असेल तर ड्राय फायरची, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबायची सोय आहे का तेही बघा, नाहीतर चेंबरची कड खराब होते. कोऱ्या भिंतीसमोर हात वर आणा आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साइटचं टोक मागच्या खाचेत कुठे सरकतं एवढंच बघा. सुटल्यावर बोट लगेच सोडू नका, क्षणभर मागे धरून ठेवा. आठवडाभर केलंत, की टार्गेटचा फोटो टाका. त्यावर बोलू.