मामा, लांब बटण दाबा

नेटवर्क कार्डाला पत्ता देणं हे एका ओळीचं काम आहे. मी हे वाक्य ऑफिसातल्या नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यांच्यासमोर चाकणचा विषय निघाला की मी चहाला उठतो.

चाकणजवळच्या एका गोदामात आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर आहे. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आड, यूपीएसच्या जिवावर तो ४१२ दिवस न थांबता चालू होता. हा आकडा मला पाठ होता, कारण दर शनिवारी मी घरून लॉगिन करून 'अपटाइम' असं टाइप करायचो आणि नुसता बघत बसायचो. लोक भिंतीवर पेन्सिलीने मुलांची उंची मोजतात, त्यातलाच प्रकार.

त्या गोदामात हजेरीचं नवं यंत्र आलं. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०. यंत्राला मात्र सर्व्हर १९२.१६८.१.२१ याच पत्त्यावर हवा होता आणि तो बदलायची सोय यंत्राच्या बापानेही ठेवली नव्हती. ठीक आहे. कोथरूडच्या घरात, जेवण झाल्यावर, मी 'इफकॉन्फिग' ही आज्ञा वापरून सर्व्हरच्या त्याच नेटवर्क कार्डाला दुसरा पत्ता जोडला. एक ओळ. हजेरी सुरू झाली.

इथे लॅपटॉप मिटायला हवा होता.

पण असा हाताने दिलेला पत्ता सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुसला जातो. तो कायमचा हवा तर 'आरसी डॉट कॉन्फ' नावाच्या फायलीत लिहावा लागतो. लिहिला. मग मनात आलं, लिहिलेलं बरोबर आहे कशावरून? सुरू झालेल्या कामाची पुन्हा परीक्षा घ्यायची ही खोड मला लहानपणापासून आहे. लागलेलं कुलूप ओढून बघताना मी एकदा कडीच हातात घेतली होती. मी टाइप केलं, 'सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट', आणि एंटर दाबलं. रात्रीचे सव्वादहा वाजले होते.

पडदा गोठला.

काय झालं ते कळायला मला अर्धा मिनिट लागला, आणि कळल्यावर बसल्या जागी घाम फुटला. नेटमास्क, म्हणजे आपला वाडा केवढा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असला की यंत्राला आपल्या वाड्यातली २५४ घरं ओळखीची असतात. वाड्याबाहेरचं काहीही आलं की ते वेशीवर नेऊन सोडायचं, पुढचं वेशीवरचा बघेल. त्या वेशीचा पत्ता म्हणजे डिफॉल्ट राउट. 'नेटइफ' पुन्हा सुरू केलं की कार्डाचे पत्ते एकदा काढले जातात आणि परत लावले जातात. या काढण्यात वेस पुसली जाते, आणि लावताना ती कोणी परत लावत नाही. ते काम 'सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट' या वेगळ्या खात्याचं. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, जोडून द्यायच्या असतात. हे मला माहीत होतं. हे मी शिकवतो.

म्हणजे आता माझी हाक सर्व्हरपर्यंत पोचत होती. तो ओ द्यायला तयारही होता. फक्त ओ कुठल्या दिशेला द्यायची ते त्याला आठवत नव्हतं.

गोदामावर रात्री एकच माणूस असतो, वॉचमन मामा. फोन लावला. मागे टेबलफॅनची घरघर ऐकू येत होती.

"मामा, ऑफिसातल्या कोपऱ्यात तो काळा कॉम्प्युटर आहे ना?"

"हाय की. बंद करून चालू करू का?"

"नाही! हात लावू नका!" मी ओरडलोच. "म्हणजे लावा, पण मी सांगतो तसा."

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मामांचा उपाय अगदी बरोबर होता. फायलीत वेस लिहिलेली होती. यंत्र पुन्हा उठलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं. पण मग त्या ४१२ चं काय?

किल्ली शोधून, ऑफिस उघडून, मॉनिटरवरचं फडकं काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्यात मी जगातल्या सगळ्या युनिक्सवाल्यांचा मनातल्या मनात उद्धार करून घेतला. 'इफकॉन्फिग' १९८३ साली फ्रीबीएसडीच्या पूर्वजात, ४.२ बीएसडीत, आलं आणि फ्रीबीएसडीवर अजून तेच आहे, म्हणून तिकडचे लोक मला आवडतात. लिनक्सवाल्यांनी ते मोडीत काढून 'आयपी' नावाची आज्ञा आणली. कार्डाचं साधं 'ईटीएच०' हे नाव जाऊन तिथे 'ईएनपी३एस०' आलं. त्यात तीन म्हणजे कार्ड यंत्राच्या आतल्या ज्या पीसीआय बसवर, म्हणजे जोडवाहिनीवर, आहे तिचा क्रमांक, शून्य म्हणजे खाच. शास्त्रीय आहे, पण असं नाव फोनवर सांगून बघा. सोलॅरिस या आणखी एका युनिक्सवर तर पत्ता देण्याआधी कार्ड 'प्लंब' करावं लागायचं, म्हणजे रात्री सव्वादहाला माणसाने प्लंबरही व्हायचं. त्या मानाने फ्रीबीएसडी कार्डाला ड्रायव्हरचं नाव देतं आणि इंटेलचं कार्ड असलं तर बहुतेकदा नुसतं 'ईएम०' म्हणून मोकळं होतं.

"साहेब, काळ्यावर पांढरं आलंय. लॉगिन म्हणतंय."

"आर, ओ, ओ, टी. मग एंटर."

"हां. आता पासवर्ड मागतंय."

इथे माझा आवाज खाली आला. तो पासवर्ड मी एका वाईट दिवशी ठेवला होता. "के, ए, एन, टी, ए, एल, ए."

फोनवर शांतता. मग, "कंटाळा?"

"हो मामा. कंटाळा. मग तो ईमेलमधला गोल ए, मग २०१९."

"पर साहेब, काय उमटतच न्हाय."

"उमटणार नाही. दाबत राहा."

"बटणं बिघडली असतील."

"नाही हो, पासवर्ड दिसत नसतो."

"मग बरोबर दाबला हे मला कसं कळायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि गेली पन्नास वर्षं युनिक्सकडेही नाही. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी विचारलं, वर हिरवा दिवा लागलाय का? लागला होता, कॅप्स लॉक. चौथ्यांदा मामा रूट झाले. चाकणमधल्या त्या यंत्रावर त्यांना आता देवाचे अधिकार होते आणि ते तंबाखू मळत होते, कारण मला थप्पीचा आवाज आला.

"आता लिहा. राउट. आर, ओ, यू, टी, ई. मग लांब बटण."

"कुठलं लांब?"

"सगळ्यात लांब. खालचं. ज्यावर काही लिहिलेलं नाही ते. मग ए, डी, डी. परत लांब. मग डिफॉल्ट."

डिफॉल्टचं स्पेलिंग मी तीनदा सांगितलं. मग लांब बटण, मग १९२.१६८.१.१, प्रत्येक टिंबाला मामा मोठ्याने "टिंब" म्हणत होते. एंटर.

"थांबलंय. विचार करतंय."

बराच वेळ विचार केला त्याने. मग मामा अक्षरं वाचू लागले. "बी, ए, डी. बॅड. बॅड म्हंजे वाईट ना साहेब?"

"पुढे काय आहे?"

"ॲड्रेस. मग तुमचं ते डिफाल्ट."

"मामा, त्यात यू आहे का?"

"यू कुठं सांगितलात तुम्ही?"

सांगितला होता. तीनदा. पण अकरा वाजून गेले होते आणि मलाच खात्री उरली नव्हती. पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू केलं. राउट, लांब बटण, ॲड...

"साहेब, लाईट गेली."

"काय?"

"गेली बगा." दोन क्षण गेले. "आली."

मी कपाळ धरून बसलो. तीन-चार मिनिटांनी पुन्हा जोडून बघितलं, तर माझ्या पडद्यावर लॉगिनची खूण आली. सर्व्हर उठला होता, वेस जागेवर होती, दोन्ही पत्ते लागले होते, आणि माझी 'आरसी डॉट कॉन्फ'मधली ओळ निर्दोष होती. 'अपटाइम'ने सांगितलं, २ मिनिटं.

"चालू झालं का?" मामांनी विचारलं. टेबलफॅन मघासारखाच घरघरत होता. त्याची लय मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर यंत्र कधी बंद-चालू झालं ते दाखवणारी 'लास्ट' ही आज्ञा देऊन बघितली. यूपीएस असूनही वीज तुटून सर्व्हर पडला असता, तर यंत्राला निरोप घ्यायला वेळ मिळाला नसता. तिथे रात्री ११ वाजून १४ मिनिटांनी व्यवस्थित 'शटडाउन'ची नोंद होती. पॉवरचं बटण हलकेच एकदा दाबलं की येते तशी.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलला. मामांना पेढ्यांचा पुडा पाठवला, तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "आता कंटाळा गेला का साहेब?"