मृतांसाठी प्रार्थना : पुण्याचा व्यापार?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा : मेलेल्यांसाठी मिस्सा (धर्मगुरूने वेदीवर करायची मुख्य उपासना) लावून स्वतःच्या खात्यात पुण्य जमा करायचं, हे बायबलमध्ये कुठेच नाही, हा चर्चचा जुना धंदा आहे.

आधी बायबल. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, अध्याय १२ मध्ये, ज्यू सेनानी यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी वर्गणी काढून पापार्पणासाठी (पापक्षालनाच्या बळीसाठी) यरुशलेमला पाठवतो. त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले होते. म्हणजे ती संतमंडळी नव्हती, आणि म्हणूनच प्रार्थनेची गरज होती. तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नाही, त्यामुळे यावर आपलं जुळणं कठीण.

‘खात्या’चा मुद्दा मात्र मला मुळीच मान्य नाही. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला मिळणारा संपूर्ण इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट) फक्त शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांनाच देता येतो. स्वतःकडे ठेवायची सोयच नाही! शिवाय अटी आहेत : कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि किरकोळ पापाचीही ओढ मनात नको. हिशेब करत आलेला माणूस या शेवटच्या अटीपाशीच अडकतो.

मग प्रार्थना करणाऱ्याला काय मिळतं? कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा ९५८ वा परिच्छेद सांगतो की आपल्या प्रार्थनेने मृतांना मदत होते, आणि त्यांनी आपल्यासाठी केलेली विनवणीही फलदायी होते. नातं दोन्ही बाजूंनी चालू राहतं. संत ऑगस्टीन या थोर ख्रिस्ती लेखकाची आई संत मोनिका ३८७ साली ओस्तियात वारली. मला कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढंच तिचं मुलांजवळ मागणं. जिने ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, तिच्यासाठी मग त्याने प्रार्थना केली. आपल्या पुस्तकाच्या वाचकांनाही करायला सांगितली. यात व्यापार कुठे दिसतो?

पैशाबद्दल तुम्ही बोललात ते खोटं नाही. इंडल्जन्सच्या नावाखाली बाजार मांडला गेला, १५१७ साली प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर चिडला ते उगाच नाही. पण १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेले सगळे इंडल्जन्स रद्द केले, हेही सांगायला हवं होतंत. आजच्या धर्मकायद्याचं ९४७ वं कलम मिस्सादानात (मिस्सासाठी दिल्या जाणाऱ्या दानात) व्यापाराचा आभासही नको म्हणतं. आणि ९४५ वं कलम धर्मगुरूंना आग्रहाने सांगतं की दान मिळालं नाही तरी मिस्सा करा, विशेषतः गरजूंसाठी. कुणी पैशावाचून अडवलं, तर हे कलम खुशाल पुढे करा.