घर समाईक, विमा कोणाच्या नावावर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या माजघरात मी, आई आणि काकी बसून होतो. आधी कौलांचा सलग खडखडाट सुरू झाला, आणि थोड्या वेळाने वर पाहिले तर वाशांमधून आभाळ दिसत होते. अंगणातला माड पडवीवर आडवा झाला होता. पुढे पंचनामा झाला, घर ‘अंशतः बाधित’ ठरले आणि यथावकाश मदत खात्यात जमा झाली, पण तेवढ्यात पडवीचे छप्परही पूर्ण झाले नाही.

तक्रार तलाठ्यांविषयी नाही, त्यांनी चिखल तुडवत येऊन आपले काम केले. मुद्दा असा की पंचनाम्यावर मिळते ती मदत असते, भरपाई नव्हे. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये धरलेले आहेत. राज्य सरकार कधी कधी वेगळा निर्णय घेऊन त्यात भर घालते, निसर्गनंतरही घातली होती, परंतु चिऱ्याचे घर पुन्हा उभे करण्याचा खर्च ज्याने केला आहे त्याला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

घराच्या विम्याची सोय नाही असे आता म्हणता येत नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात वादळ, पूर, दरड, भूकंप, वीज पडणे आणि झाड कोसळून होणारे नुकसानही येते. घरातील सामानाला, वेगळी यादी न देता, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा अनेकांच्या भिंती जागेवर होत्या, पण आतले कपाट, फ्रिज, गाद्या, धान्य सगळे गाळात गेले, हे आठवले की या तरतुदीचे मोल कळते. (दुकानातला माल यात येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते.)

मग आपल्याकडे विमा का उतरवला जात नाही? पैसा हे कारण सांगितले जाते, मला ते अर्धेच खरे वाटते. आमच्या घरी एजंटने पहिलाच प्रश्न विचारला, “मालक कोण?”, आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीवर, तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव, खाली चार भावांचे वारस, त्यातले दोघे मुंबईला, एक पुण्याला, आणि घरपट्टी भरणारी काकी, जिचे नाव कोणत्याच कागदावर नाही. विमा घेणाऱ्याचा त्या घरात कायदेशीर हितसंबंध असावा लागतो. तो कागदावर दाखवता आला नाही, तर दाव्याच्या वेळी कंपनीच्या हातात आयते कारण पडते. आमच्या वारसनोंदीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या गणपतीत झाल्या, कारण सगळे चाकरमानी एका छपराखाली तेवढेच दिवस असतात. त्यानंतर पॉलिसी सर्वांच्या संयुक्त नावाने घेतली.

दोन वर्षांनी जुलैच्या वाऱ्यात फणसाची फांदी स्वयंपाकघरावर आली. फोटो काढून आम्ही लगेच ताडपत्री टाकली, फुटलेली कौले मात्र फेकली नाहीत, पाणवठ्याजवळ रचून ठेवली. नुकसान पाहायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ती खरोखरच मोजली. पण त्याने घर ६० लाखांचे आणि विमा ३० लाखांचा म्हणून दावा निम्म्यावर आणला. पॉलिसीत मात्र अशी कपात लागू होणार नाही असे स्पष्ट लिहिलेले होते. ते कलम उद्धृत करून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिले, तेव्हा रक्कम दुरुस्त झाली. ज्याने पॉलिसी उघडलीच नसती त्याचे काय झाले असते, हा विचार तेव्हापासून जात नाही.

२०२४ पासून नियम आणखी कडक आहेत. सर्व्हेअर २४ तासांत नेमणे, त्याचा अहवाल १५ दिवसांत येणे आणि त्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी विनाशुल्क जाता येते, वकील लागत नाही. परंतु ही सगळी संरक्षणे पॉलिसी हातात असलेल्यासाठी आहेत, आणि समाईक घरात राहणारा माणूस त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: नमुना ८ वर मयत पूर्वजाचे नाव असले तरी प्रत्यक्ष राहणाऱ्या वारसाला इतरांच्या संमतीपत्रावर पॉलिसी मिळावी, आणि ग्रामपंचायतींनी वारसनोंदीची शिबिरे मे महिन्यात आणि गणपतीच्या आठवड्यात घ्यावीत, एरवी नव्हे. आमच्या वाडीतल्या अकरा घरांचे अर्ज मी भरून ठेवले आहेत. नऊ घरांच्या सह्या झाल्या, उरलेल्या दोन घरांचे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.