हिशोब मागितला की आवाज का चढतो

काल रात्री एका जुन्या ओळखीच्या काकांचा फोन आला, त्यानंतर झोपच नाही लागली म्हणून हे लिहितेय. पोस्ट मोठी आहे. पण नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, कुठंही कंपनीत कामाला असाल किंवा घरातलं कोणी जात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी अंबडला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपनीला माल बनवून देणाऱ्या छोट्या कंपनीत, टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तास) सगळं माझ्या टेबलवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पगार कमी हा एक त्रास आणि साहेबांच्या शिव्या हा दुसरा. मी त्या टेबलच्या आतल्या बाजूला बसलेय म्हणून सांगते, हे दोन त्रास नाहीत, एकच आहे. माणसानं हिशोब विचारू नये म्हणूनच त्याच्यावर ओरडतात.

२०१८ ची गोष्ट. हे काका पेठ तालुक्याकडचे, राहायला पवननगरला, प्रेस शॉपला ऑपरेटर. एक दिवस नाईट संपवून सकाळी माझ्या खिडकीशी आले आणि खिशातून कालनिर्णयचं फाडलेलं पान काढलं. मागच्या महिन्याचं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात डे, नाईट, ओटी ४, ओटी ४, रविवार ८ असं लिहिलेलं, काही अक्षरं त्यांच्या मुलीची होती कारण ती सुबक होती. म्हणाले, मॅडम एवढं जरा बघा ना, माझे बावन्न तास भरतात आणि पाकिटात ओटीचे अठराशे वीसच आलेत.

आता हिशोब बघा. पगार १०,४००. त्याला २६ नं भागा, ४०० रुपये रोज. आठनं भागा, तासाला ५०. ओटीला कायद्यानं डबल रेट, म्हणजे १००, आणि हे काही आजचं नाही, १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून आहे. ५२ तासांचे ५,२०० व्हायला पाहिजेत. आमच्याकडं ओटीचा रेट होता तासाला ३५. म्हणजे डबल सोडा, साधा तास पण पूर्ण धरत नव्हते. एका माणसाचे एका महिन्यात ३,३८० गेले आणि प्रेस शॉपला असे साठेक जण होते, तुम्हीच गुणाकार करा. पक्क्या रजिस्टरला ओटी शून्य, खरे तास कच्च्या वहीत पेन्सिलनं. ती वही माझ्याच हातची असायची, याची लाज मला आजपण वाटते.

तेवढ्यात प्लांटचे साहेब आले. काकांच्या हातातलं पान घेतलं, बघितलंसुद्धा नाही, चुरगळलं आणि अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं ओरडले, "ए, कोर्टात आलायस का तू? गेटवर पन्नास पोरं उभी आहेत, जमत नसेल तर निघ!" पन्नाशीच्या माणसाला. काका काही बोलले नाहीत, खाली वाकून तो बोळा उचलला, हातानं सरळ केला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले. प्रेस शॉपमधला आवाज तेवढ्या वेळात बंदच झाला होता, सगळे मान खाली घालून उभे. त्यानंतर तीन महिने एकही माणूस माझ्या खिडकीशी ओटी विचारायला आला नाही. एका माणसाचा अपमान करून साठ जणांची तोंडं बंद झाली. साहेब तापट आहेत वगैरे मला कोणी सांगू नका, मालकासमोर तेच साहेब किती हळू आवाजात बोलायचे ते मी बघितलंय.

मालकांची बाजू मला माहित नाही असं नाही. मोठी कंपनी रेट पाडून मागते, पैसे तीन तीन महिने अडकवते, लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांत पेमेंट द्यायचं लिहिलंय पण भांडणार कोण, पुढची ऑर्डर जाईल ना. म्हणजे मालकसुद्धा हिशोब मागायला घाबरतो. हे मी समजू शकते. पण वरून आलेला सगळा दाब पेठवरून आलेल्या माणसाच्या ओटीतून काढायचा हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रॅक्टरची. माणूस तोच, मशीन तेच, थोड्या थोड्या वर्षांनी कागदावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव बदलतं. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं सलग लागायची, ती भरूच द्यायची नाहीत. शेजारच्या मशीनवरचा परमनंट तेवढेच पीस काढून तिप्पट पगार घेतो. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये समान कामाला समान वेतन मान्य केलं होतं, ते आमच्या गेटच्या आत काही आलं नाही. आणि हे फक्त कंपन्यांत आहे असं समजू नका. माझी मावसबहीण शाळेत शिकवते, पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि दहा तारखेच्या आत ठरलेली रक्कम कॅशमध्ये परत नेऊन द्यायची, पावती नाही काही नाही.

वर ऐकवतात, सुट्टी देतो ना, चहा देतो ना. रविवारची सुट्टी कुठल्या मालकानं खुशीनं दिलेली नाही, नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना बरोबर घेऊन भांडून ती १८९० ला मिळवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना युनियनचा विरोध आहे आणि माझाही आहे. पण काही कलमं आपल्या उपयोगाची आहेत ती माहित पाहिजेत. नेमणुकीचं पत्र द्यावंच लागतं. पगाराची स्लिप द्यावीच लागते. महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. ओटी डबलच. एकट्यानं जाऊन मागू नका, एकट्याचं पान चुरगळतात. पाच सहा जण मिळून जा, लेखी द्या, पोच घ्या.

आणि कालचा फोन. काका अजून तिथंच आहेत, तिसरा का चौथा कॉन्ट्रॅक्टर. मुलीनं मोबाईलवर सरकारच्या उमंग अ‍ॅपवरून पीएफचं पासबुक उघडून दाखवलं, तर मागच्या वर्षी कॉन्ट्रॅक्टर बदलला तेव्हापासून सात महिने एक रुपया भरलेला नाही. पगारातून १२ टक्के मात्र दर महिन्याला कापलेत. मला म्हणाले, मॅडम तुम्हाला यातलं कळतं, पण ते म्हणतील हा त्या महिन्यांत कामावरच नव्हता, मग काय करायचं? मी विचारलं, काही पुरावा आहे का? तर म्हणाले, सगळी कालनिर्णय आहेत ना कपाटात, एक पण टाकलं नाही.

सोमवारी साडेदहाला सातपूरच्या पीएफ ऑफिसला भेटायचं ठरलंय. काका आणि लाइनवरचे अजून चौघं येणारेत, बँकेचं पासबुक, गेटपास आणि कालनिर्णय घेऊन. मी पण जातेय.